गेमची मॅन्युअल्स : आधी वाचायचात, की अडल्यावर?

अर्धविराम
निन्टेन्डो स्विच कन्सोलच्या गेमच्या डबीत डाव्या बाजूला पुस्तिका अडकवायच्या खाचा अजूनही असतात. पुस्तिका मात्र नसते. २०१७ पासून त्या खाचा रिकाम्याच विकल्या जाताहेत आणि कुणाला त्यात काही खटकत नाही, म्हणून हा धागा.

छापील मॅन्युअल एका दिवसात गेलं नाही. आधी रंग गेले, मग पानं कमी झाली, मग घडीचं एक चिटोरं उरलं. एप्रिल २०१० मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने जाहीर केलं की पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० या कन्सोलच्या गेम्समधली कागदी पुस्तिका बंद. कारण पर्यावरणाचं. पुढच्या वर्षी ईए या दुसऱ्या कंपनीनेही तोच रस्ता धरला. २०१२ मध्ये निन्टेन्डोचा वी यू कन्सोल आला तेव्हा मॅन्युअल पडद्यावर उघडायची सोय होती. झाडं वाचली असतील तर आनंदच आहे. छपाईचा आणि वजनाचा खर्चही वाचला असणार, पण त्याबद्दल कोणी पत्रक काढत नाही.

तर दोन प्रश्न. तुम्ही मॅन्युअल खेळायच्या आधी वाचायचात की गेममध्ये अडल्यावर? आणि गेम बाजूला ठेवूनसुद्धा वाचावंसं वाटलं असं एखादं मॅन्युअल आठवतं का?

मी आधीवाल्यांतला. माझ्या लेखी मॅन्युअल वाचायला घेतलं की खेळ सुरू झालेला असायचा.

खटपट्या
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर टंकतो.

तिसरीघंटा
ना आधी, ना अडल्यावर. कधीच नाही.

१९७२ साली पाँगच्या आर्केड कॅबिनेटवर काय सूचना होत्या? नाणं टाका, बॉल आपोआप सर्व्ह होईल, जास्त गुण हवे असतील तर बॉल चुकवू नका. संपलं. ज्या गेमला याहून जास्त समजावावं लागतं त्याच्या रचनेतच गडबड आहे. मारिओची पहिली पातळी बघा. तुम्ही डावीकडे उभे, समोर मोकळी जागा, म्हणजे उजवीकडे जायचं. एक गूम्बा (छोटा शत्रू) चालत येतो, उडी मारली नाही तर मरता. पुढच्या खेपेला मारता. पुस्तिका कशाला हवी?

सोनसळी
@तिसरीघंटा, मारिओचंच उदाहरण घेतलंत म्हणून. सुपर मारिओ ब्रदर्सच्या मॅन्युअलमध्ये गोष्ट अशी आहे की कूपांच्या (कासवांसारख्या शत्रूंच्या) जादूने मश्रूम राज्यातल्या शांतताप्रिय प्रजेचे दगड, विटा आणि झुडपं झाली. हे गेममध्ये कुठेही सांगितलेलं नाही. फक्त पुस्तिकेत आहे.

तिसरीघंटा
थांबा. मग मी इतकी वर्षं डोक्याने ज्या विटा फोडत आलो त्या...

सोनसळी
प्रजा. हो.

तिसरीघंटा
बरं झालं वाचलं नाही.

वाटाड्या
:हहपुवा:

शून्यकाल
गंमत बाजूला ठेवून एक तांत्रिक मुद्दा. मॅन्युअलमध्ये गोष्ट असायची याचं मुख्य कारण जागा. सुपर मारिओ ब्रदर्सची कार्ट्रिज ४० किलोबाइटची. चित्रं, संगीत, सगळ्या पातळ्या, सगळं त्या ४० मध्ये. निन्टेन्डोचाच पहिला झेल्डा १२८ किलोबाइटचा होता आणि तो त्या काळी मोठा मानला जायचा. तिथे चार परिच्छेद मजकूर घालायचा म्हणजे एखादा शत्रू किंवा एखादं गाणं काढायचं. कागद स्वस्त होता, मेमरी महाग होती. म्हणून कथा, शत्रूंची नावं, शस्त्रांची माहिती सगळं कागदावर गेलं.

सीडी आली आणि साडेसहाशे मेगाबाइट हाताशी आले. आता कथा व्हिडिओत सांगता येऊ लागली, शिकवणी पहिल्या पातळीतच घालता येऊ लागली. माझ्या मते मॅन्युअलचं आयुष्य तिथेच संपलं होतं. पुढची पंधरा वर्षं ते सवयीने छापत राहिले. २०१० ची घोषणा म्हणजे केवळ मृत्यूचा दाखला.

अजून एक. छपाईला मजकूर गेम पूर्ण व्हायच्या आधी पाठवावा लागतो. शेवटच्या महिन्यात एखादं बटण बदललं की पुस्तिका खोटी. इंटरनेटवरून अपडेट सुरू झाल्यावर तर बाजारात आल्या दिवशीच गेम बदलतो. मग छापायचं काय?

अर्धविराम
@शून्यकाल, जागेचा मुद्दा मान्य. पण कारण जागेचं असलं तरी परिणाम वेगळाच झाला ना. पडद्यावर दोन रंगांचा चौकोनी ठिपका, आणि पुस्तिकेत त्याच प्राण्याचं पूर्ण चित्र. ते चित्र एकदा पाहिलं की ठिपक्यातही तेच दिसायला लागायचं. अटारीच्या यार्स रिव्हेंजसोबत १९८२ मध्ये चक्क कॉमिक दिलं होतं, कारण नुसत्या पडद्यावरून ती माशी कोण आणि सूड कसला, हे कुणालाही समजणं शक्य नव्हतं.

खटपट्या
आलो. थोडं लांब होईल.

कन्सोलवाल्यांची मॅन्युअल्स म्हणजे खिशात मावणारी पत्रकं. पीसीवाल्यांचा मामला वेगळा होता. फाल्कन ४.० (१९९८) चं मॅन्युअल रिंग बाइंडरमध्ये यायचं, सहाशेच्या आसपास पानं. एफ-१६ चं इंजिन सुरू करण्यापासून रडारच्या प्रत्येक मोडपर्यंत. ते बाइंडरमध्ये का, तर कीबोर्डशेजारी सपाट उघडं राहावं म्हणून, असा माझा अंदाज. ते न वाचता विमान उडवायला बसलात तर धावपट्टीवरून हलत नव्हतं. तिसरीघंटा म्हणतील रचनेत गडबड आहे. मी म्हणतो ज्याला सहाशे पानांचं विमान हवं होतं त्यालाच ते मिळालं.

अर्धविरामच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर मात्र इन्फोकॉम कंपनीचे गेम. १९८२ चा डेडलाइन हा खुनाचा तपास असलेला मजकुरी गेम. साक्षीदारांचे जबाब आणि इतर पुरावा डिस्कवर मावेना, म्हणून कागद छापून खोक्यात घातले, सोबत पुराव्याच्या गोळ्यांची पुडी. हे इतकं चाललं की पुढे प्रत्येक गेममध्ये असल्या वस्तू येऊ लागल्या. १९८४ च्या हिचहायकर्समध्ये एक रिकामी प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात म्हणे सूक्ष्म अंतराळ आरमार होतं. धोका दिसू नये म्हणून काळ्या पुठ्ठ्याचा चष्मा होता, त्यातून काहीच दिसायचं नाही. आणि यादीत 'चहा नाही' असंही होतं, आणि तो खरोखरच खोक्यात नव्हता.

अल्टिमा ४ (१९८५) मध्ये कापडावर छापलेला नकाशा आणि धातूचा आंख (प्राचीन इजिप्तचं, वर फासा असलेल्या क्रॉससारखं चिन्ह). दोन पुस्तकं, एक इतिहासाचं आणि एक मंत्रांचं. कुठल्या मंत्राला कोणते घटक लागतात हे पुस्तकात, गेममध्ये नाही. पुस्तक मांडीवर उघडं ठेवून खेळायचं. याला मी 'सूचना वाचणं' म्हणणार नाही.

पानगळ
वा खटपट्या. वाचनखूण साठवली.

वाटाड्या
मॅन्युअलप्रेमाने इतके भारावून जाऊ नका मंडळी, निम्मी पानं गेम चोरून कॉपी करणाऱ्यांना अडवायला होती. :)

प्रिन्स ऑफ पर्शिया आठवा. पहिली पातळी संपली की एका खोलीत बाटल्या मांडलेल्या, प्रत्येकीवर एक अक्षर. मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या तमुक ओळीतल्या अमक्या शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर असेल ती प्या. चुकलात की जीव घटायचा. मंकी आयलंडमध्ये (१९९०) पुठ्ठ्याची दोन चकत्यांची तबकडी होती, ती फिरवून चाच्याच्या चेहऱ्याचं वरचं आणि खालचं अर्ध जुळवायचं आणि त्याला कोणत्या साली फासावर दिलं ते सांगायचं. सिमसिटीच्या सांकेतिक तक्त्याचा कागद गडद लाल, म्हणजे झेरॉक्स काढली तर काळा ठोकळा येणार.

सगळ्यात वाईट लेन्सलॉक. प्लास्टिकची घडीची भिंग, ती टीव्हीच्या काचेला धरून पडद्यावरचे फुटलेले तुकडे जुळवून दोन अक्षरं वाचायची. एलिट या गेमच्या स्पेक्ट्रम संगणकावरच्या आवृत्तीसोबत हे यायचं, आणि काही खोक्यांत दुसऱ्याच गेमचं लेन्सलॉक गेलं. पैसे देऊन गेम घेतलेल्या माणसाला गेम उघडेना, आणि चोरून कॉपी केलेल्याला हे विघ्नच नव्हतं कारण क्रॅक करणाऱ्याने तो भाग काढून टाकलेला.

पानगळ
वाटाड्याने विषय काढलाच आहे तर हेही लिहिते. जेट सेट विली (१९८४) सोबत रंगांच्या चौकोनांचं कार्ड होतं. गेम म्हणायचा अमुक घरातले रंग क्रमाने दाबा. मला लाल आणि हिरव्यात फरक कळत नाही. म्हणजे तो गेम विकत घेऊनही तो उघडायला मला दुसरा माणूस लागला असता. असंच लेन्सलॉकला, ज्यांची नजर कमी आहे त्यांचं काय?

आणि साधं मॅन्युअलसुद्धा. नंतरनंतर मुंगीएवढ्या अक्षरात, राखाडी कागदावर राखाडी शाईने, पाच-सहा भाषांना सारखी पानं वाटून दिलेली. आता गेममध्येच अक्षरं मोठी करता येतात, रंग बदलता येतात, मजकूर वाचून दाखवायची सोयही काही ठिकाणी असते. तुमचा कागद गेला याचं मला तरी दुःख झालेलं नाही. राग नसावा.

अर्धविराम
राग कसला. हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नसता.

रात्रपाळी
स्टारट्रॉपिक्सचं पत्र कुणीच सांगितलं नाही? १९९० चा निन्टेन्डोचा गेम. खोक्यात काकांचं एक पत्र होतं. अर्ध्यावर गेलं की पाणबुडीसाठी एक संकेतांक लागतो, आणि तुम्हाला सांगितलं जातं की पत्र पाण्यात बुडवा. खरंच बुडवायचं! ओल्या कागदावर ७४७ उमटायचं.

ज्यांनी गेम भाड्याने आणला किंवा जुना घेतला त्यांच्याकडे पत्रच नसायचं. पुढे निन्टेन्डोच्या वी कन्सोलवर तोच गेम डाउनलोडने मिळू लागला तेव्हा डिजिटल मॅन्युअलमध्ये पत्र बादलीत बुडवायचं ॲनिमेशन दिलं होतं.

तिसरीघंटा
म्हणजे गेम पुढे सरकायला कागद भिजवायचा. आणि मी न वाचणारा म्हणून मलाच नावं ठेवा.

सोनसळी
त्याच जातीतलं दुसरं : मेटल गिअर सॉलिड. मेरिल या पात्राशी बोलायची रेडिओ फ्रीक्वेन्सी १४०.१५, ती 'सीडीच्या डबीच्या मागे आहे' असं गेम सांगतो. नेमकी गेममध्येही एक डिस्क हाती लागलेली असते, त्यामुळे तीच उलटसुलट करत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. डबी नसलेल्यांनी १४०.०० पासून एकेक करत फोन लावले. ह्याला चिकाटी म्हणायची की काय ते तुम्ही ठरवा.

शून्यकाल
आणि मॅन्युअल थेट दिशाभूल करतं त्याचं काय? पहिल्या झेल्डात पोल्स व्हॉइस नावाचा लांब कानांचा एक प्राणी आहे. मॅन्युअल म्हणतं याला मोठा आवाज सहन होत नाही. पोरांनी बासरी वाजवून वाजवून जीव दिला, त्या प्राण्याला ढिम्म फरक पडला नाही.

कारण जपानी फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरला माइक होता. त्यात ओरडलं की हे प्राणी मरायचे. बाहेरच्या देशांत गेलेल्या एनईएसला माइकच नव्हता, तिथे गेममध्ये बदल करून त्यांना बाणाने मारायची सोय केली. पुस्तिकेतलं वाक्य मात्र तसंच राहिलं. त्यावर विश्वास ठेवणारा फसला आणि तिसरीघंटासारखा, दिसेल ते हत्यार फेकून बघणारा, जिंकला.

तिसरीघंटा
शून्यकाल यांना दंडवत. हा प्रतिसाद फ्रेम करून लावतो.

अर्धविराम
आता हसा. पण त्या चुकीमुळे तो प्राणी तुमच्या अजून लक्षात आहे. शेवटच्या खेळलेल्या गेममधल्या एकातरी शत्रूचं नाव आठवतंय का?

रात्रपाळी
हे लई भारी :D

नवाकोरा
नमस्कार, मी २०१० नंतर खेळायला लागलेला. माझ्याकडे मॅन्युअल असलेला एकही गेम नाही. प्रामाणिक प्रश्न : तुम्ही जे सांगताय ते सगळं आता विकीवर आणि यूट्यूबवर मिळतं. मोठा गेम येणार असला की त्याआधी आठवडाभर मी व्हिडिओ बघतो, नकाशे बघतो, पात्राचा कुठला वर्ग निवडायचा ते ठरवतो. हेच तुमचं 'आधी वाचणं' नाही का?

खटपट्या
@नवाकोरा, हौस तीच. त्यात शंका नाही.

अर्धविराम
हौस तीच, पण वस्तू वेगळी. विकीला सगळं माहीत असतं आणि ती सगळं सांगते. शेवटचा राक्षस कुठे डावीकडे झुकतो तेही. मॅन्युअल अर्धं सांगून थांबायचं. झेल्डासोबत आलेला नकाशा बघा, काही भाग काढून दाखवलेला आणि काही मोकळा सोडलेला. पुढचं तुम्ही शोधा. फॉलआउटचं (१९९७) मॅन्युअल भूमिगत वसाहतीने आपल्या रहिवाशांना दिलेली मार्गदर्शिका म्हणून लिहिलंय. ते लिहिणाऱ्याला बाहेर काय वाढून ठेवलंय याचा पत्ता नाही, त्यामुळे वाचणाऱ्यालाही नाही. होमवर्ल्डसोबत (१९९९) गेममधल्या लोकांच्या इतिहासाची स्वतंत्र पुस्तिका होती. ती वाचून खेळायला बसलं की तिसऱ्या मोहिमेत घरचा ग्रह जळताना दिसतो तेव्हा पोटात गोळा येतो. न वाचणाऱ्याला तो एक पेटलेला गोळा.

कुणीतरी बसून ठरवायचं की खेळाडूला इथपर्यंत सांगू, इथून पुढे नाही. विकी हजार जण मिळून लिहितात, तिथे हे ठरवणारं कुणी नसतं.

शून्यकाल
हे थोडं गोड करून सांगताय. बहुतेक मॅन्युअल्स अशी नव्हती. बहुतेकांत पहिली काही पानं फिट येण्याचा इशारा, मग कंट्रोलरचं चित्र, मग 'नवा खेळ निवडल्यास नवा खेळ सुरू होईल' असली वाक्यं, आणि शेवटी वॉरंटी. तुम्ही होमवर्ल्ड आणि फॉलआउट निवडून घेतलेत. त्या जागी कुठल्याही सिनेमावरून काढलेल्या घाईच्या गेमची पुस्तिका ठेवा आणि मग बोला.

अर्धविराम
हे खरं आहे. शेवटची 'नोंदी' म्हणून छापलेली कोरी पानं तेवढी कामाची. पासवर्ड तिथेच लिहिले जायचे.

वाटाड्या
जुन्या घेतलेल्या गेममध्ये आधीच्या मालकाने लिहिलेले पासवर्ड सापडायचे. बहुतेक वेळा चुकीचे.

पानगळ
उशिराच्या काळातली दोन मॅन्युअल्स मला आवडायची, हे मान्य करायला हवं. व्हाइस सिटी (२००२) आणि सॅन आंद्रेआस (२००४). त्या काल्पनिक शहरांची पर्यटक-पुस्तिका असल्यासारखी, खोट्या जाहिरातींसकट. बटणांची माहिती मधे कुठेतरी लपवलेली. म्हणजे सीडी-डीव्हीडी आल्यावर सगळे सवयीनेच छापत होते असं नाही, शून्यकाल.

शून्यकाल
अपवाद म्हणून मंजूर.

रात्रपाळी
ज्यांना जुनी मॅन्युअल्स हवी आहेत त्यांच्यासाठी : इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन्सचा मोठा साठा आहे. २०२२ मध्ये एका संग्राहकाने अमेरिकेत निघालेल्या पीएस२ गेम्सची १९०० हून जास्त मॅन्युअल्स स्कॅन करून तिथे ठेवली. जुने पीसी गेम गॉग या विक्रीच्या साइटवर घेतलेत तर बहुतेकदा पीडीएफ सोबत मिळतं.

एक सावधगिरी : पासवर्डच्या पानांवर कधीकधी आधीच्या मालकाचं नाव-पत्ता असतो. स्वतः स्कॅन करून टाकणार असाल तर तेवढं झाका.

नवाकोरा
धन्यवाद. अर्धविराम यांचं 'अर्धं सांगून थांबणं' वाचून ट्युनिक आठवला. २०२२ चा. त्यात गेमचं मॅन्युअल हीच गेममधली वस्तू आहे. पानं विखुरलेली, एकेक सापडत जातं, लिपी बनावट, त्यामुळे चित्रांवरून अंदाज. कडेला कुणीतरी पेनाने खुणा केलेल्या. धावायची युक्ती पहिल्यापासून हातात असते, पण पान सापडेपर्यंत आपल्याला माहीतच नसतं. मला वाटलं होतं ही नवीच कल्पना आहे. आता कळलं ते कुठून आलं.

तिसरीघंटा
मी ट्युनिक खेळलोय. आणि हो, त्यातलं मॅन्युअल वाचलं. पानंपानं. नाइलाज होता.

खटपट्या
नोंद घ्यावी मंडळी, तारीख-वेळेसकट.

तिसरीघंटा
माझं म्हणणं बदललेलं नाही. तिथे मॅन्युअल गेमच्या आत आहे, म्हणून वाचलं. बाहेरच्या कागदात दिलं असतं तर खोक्यातच राहिलं असतं.

नवाकोरा
पण ते नंतर कागदावर छापूनही विकलं, डिलक्स आवृत्तीसोबत. :)

तिसरीघंटा
विकत घेणाऱ्यांना शुभेच्छा.

सोनसळी
मूळ प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नाही अजून. अडल्यावर. आधी वाचलं की मी शत्रूंच्या यादीवरून शेवटचा कोण ते ओळखायचे आणि मजा जायची. दुसऱ्याचं उत्तर : अर्थबाउंड (१९९५). अमेरिकेत तो मोठ्या खोक्यात अख्खी गाइड घालून विकला, आणि ती गाइड त्या शहरांतल्या वर्तमानपत्रांच्या बातम्या असल्यासारखी लिहिलेली. गेम मी आजवर पूर्ण केलेला नाही. गाइड दोनदा वाचली.

नवाकोरा
@खटपट्या, फाल्कनचं पीडीएफ उघडलं. कुठून सुरुवात करू? सहाशे पानं सलग नाही होणार.

खटपट्या
सलग कुणीच वाचलेलं नाही, थापा मारतात. आधी प्रशिक्षण मोहिमांचा भाग घ्या, त्यातली उड्डाण आणि उतरण्याची प्रकरणं. रडार आत्ता नको. छापून घेणार असाल तर कळपट्टीच्या बटणांचा तक्ता तेवढा छापा, बाकी पडद्यावर चालेल. आणि पहिल्या रात्री विमान उतरलं नाही तर इथेच विचारा, निम्मे लोक जागेच असतात.